खोलीत आपण असावं

शेवटच्या इंजेक्शनाची तयारी झाली की जनावरांचे डॉक्टर एक प्रश्न विचारतात. "तुम्ही थांबणार, की बाहेर बसणार?" आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारतात, कारण समोरच्या माणसाची अवस्था त्यांना दिसत असते. बहुतेकांनी या प्रश्नाचं उत्तर ठरवून आणलेलं नसतं. इंजेक्शन द्यायचं की नाही, कधी द्यायचं, मुलांना कसं सांगायचं, नंतर कुठे पुरायचं, या सगळ्यावर घरात रात्र रात्र बोलणं झालेलं असतं. त्या वेळी आपण स्वतः कुठे असायचं, हे मात्र टेबलापाशी पोचल्यावर, डोळे पुसत, अर्ध्या मिनिटात ठरवावं लागतं. म्हणून पुष्कळ जण मागे सरकतात. "मला नाही बघवणार हो," म्हणतात आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात.

त्या बाकावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात गोटीला, आमच्या कुत्रीला, सलाइन लावायला आम्ही आठवडेच्या आठवडे जात होतो, तेव्हाची गोष्ट. एक उंचपुरे गृहस्थ रिकामा पट्टा हातात धरून बसले होते. पट्ट्याचं बक्कल अजून त्याच भोकात होतं, म्हणजे तो गळ्यातून तसाच ओढून काढलेला होता, आणि आतल्या बाजूला पिवळे केस चिकटलेले होते. आतलं दार बंद. त्यांचं प्रेम कमी होतं असं त्यांच्याकडे पाहून कुणीही म्हटलं नसतं. काही वेळाने डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्या गृहस्थांनी एकच विचारलं, "त्याने मला शोधलं का हो?" डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "आता शांत आहे तो," एवढंच म्हणाले.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. थांबावं. बघवणार नाही असं वाटत असलं, तरी थांबावं.

"मला बघवणार नाही" हे वाक्य खरं असतं, मनापासूनचं असतं. पण ते आपल्याबद्दलचं वाक्य आहे, आणि त्या घटकेला खोलीत ज्याचं काही चाललेलं असतं तो जीव दुसरा आहे. त्याला काय वाटतं? मरण आपल्याला ज्या अर्थाने कळतं, त्या अर्थाने ते कुत्र्याला कळत असेल असं मला वाटत नाही. ही सुई मागच्या पन्नास सुयांपेक्षा वेगळी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. उद्या नाही, हे ठाऊक नसतं. त्याची भीती वेगळ्या गोष्टींची असते. पाय घसरणारं स्टीलचं टेबल, स्पिरिटचा वास, पलीकडच्या पिंजऱ्यातलं केकाटणं, मानेवर पडलेले परके हात. या सगळ्यावर त्याच्याजवळ एकच उपाय असतो. आपलं माणूस कुठे आहे ते बघायचं. आपण बाहेर जातो तेव्हा टेबल तिथेच राहतं, वास तिथेच राहतो, परके हात तिथेच राहतात. जातो तो फक्त उपाय.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. 1998 साली हंगेरीत, बुडापेस्टच्या योझेफ टोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मूल आईला किती धरून असतं ते पाहण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी एक चाचणी बसवली होती. तीच या मंडळींनी 51 कुत्री आणि त्यांच्या मालकांवर करून पाहिली. अनोळखी खोली. खोलीत एक परका माणूस. मालक थोडा वेळ आत असतो, मग उठून जातो, मग परत येतो. मालक खोलीत होता तोवर कुत्री हिंडत होती, खेळत होती. मालक गेला की दारापाशी जाऊन उभी राहू लागली. परका माणूस खेळायला बोलावत होता, तरीही. मूल आईच्या आधाराने जसं नव्या जागेत वावरतं तसं कुत्रं आपल्या माणसाच्या आधाराने वावरतं, असं त्यांना दिसलं. हा प्रयोग मी वाचला तेव्हा मला तो बाक आठवला. दवाखान्यातली ती खोली आणि बुडापेस्टची ती खोली यांत फरक एवढाच, की तिथे मालक काही मिनिटांनी परत येत होता.

आमच्या डॉक्टरांना मी एकदा सरळच विचारलं होतं, मालक बाहेर गेला की काय करतं ते? डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले, बोलायला कमी. सुई टाकायच्या डब्याचं झाकण लावत म्हणाले, "दार बघतं. भूल चढेपर्यंत मान दाराकडेच. आम्ही हात फिरवतो, नाव घेऊन बोलतो. पण ताई, आम्ही त्याला माहीत आहोत ते टोचणारे म्हणून. कितीही माया केली तरी आम्ही टोचणारेच."

मांजर दाराकडे बघत बसत नाही. ते आपल्या काखेत डोकं खुपसतं. ज्यांनी मांजर दवाखान्यात नेलं आहे त्यांना हे सांगायला नको. काख नसेल तर ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून बसतं.

गोटी आमची गावठी कुत्री. पावसाळ्यात कुणाच्या तरी स्कूटरखाली भिजून बसलेली होती, ती घरी आली आणि तेरा-चौदा वर्षं राहिली. शेवटी मूत्रपिंडं गेली. क्रिएटिनिन दहाच्या पुढे, तोंडात फोड, श्वासाला अमोनियासारखा उग्र वास. ज्या भाकरीसाठी ती चुलीपाशी ठाण मांडून बसायची, त्या भाकरीकडे बघून मान फिरवायची. सलाइनने आधी दोन-चार दिवस बरे जात, मग एखादा, मग तोही नाही. डॉक्टरांनी एक कागद दिला. अमेरिकेत कॅन्सरवर उपचार करणाऱ्या ॲलिस विल्लालोबोस नावाच्या पशुवैद्य आहेत. त्यांनी 2004 मध्ये सात गोष्टींची एक यादी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जनावराचं जगणं अजून जगण्यासारखं आहे असं धरायचं. मी पेन्सिल घेऊन बसले आणि स्वच्छतेच्या रकान्यापाशी थांबले. आयुष्यात घरात एकदाही घाण न केलेली कुत्री आता स्वतःच्या लघवीत पडून राहत होती. पुढची बेरीज करायची गरज उरली नाही.

सासूबाईंचा विरोध होता. वारकरी घरातल्या त्या, गळ्यात तुळशीची माळ. "जो जीव आपल्याला देता येत नाही, तो घ्यायचा कसा?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालायची मला ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती, कारण त्या म्हणण्यात तथ्य नाही असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण निघायची वेळ झाली तेव्हा त्या पदर खोचून रिक्षात येऊन बसल्या. हातात गंगाजलाची तांब्याची लहानशी लोटी. म्हणाल्या, "तुमचं मला पटलेलं नाही. पण तिला एकटीला जाऊ द्यायची नाही."

त्यांचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. बैल आडवा पडला, आता उठत नाही असं दिसलं, की त्यांचे वडील गोठ्यातच अंथरूण टाकत. रात्री उठून त्याची कूस बदलायची, माश्या वारायच्या, बाकी नुसतं असायचं. मरणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी बसायचं, मान मांडीवर घ्यायची, तोंडात पाण्याचा थेंब आणि तुळशीचं पान ठेवायचं, ही आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. खेड्यातल्या पुष्कळ घरांत ती गोठ्यापर्यंत पोचलेली होती. त्यात बैलाला कळतं की नाही याचा विचार कुणी करत नसे. मरण घरातून दवाखान्यात गेलं तेव्हा माणसाच्या बाबतीतही ही रीत आयसीयूच्या काचेपाशी अडली, आणि जनावराच्या बाबतीत ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. पण जनावराच्या दवाखान्यात काच नाही. दार आपणच लावून घेतो.

डॉक्टरांनी टेबल नकोच म्हटलं. जमिनीवर तिची गोधडी अंथरायला सांगितली. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी ती, गोटीने एका कोपऱ्यात कुरतडलेली. पहिलं इंजेक्शन मांडीत, भुलीचं. "उलटी होईल कदाचित, मांजरांना तर बऱ्याचदा होते, घाबरू नका," असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. झाली नाही. त्यानंतर काही मिनिटं नुसतं बसायचं असतं, भूल चढेपर्यंत. बाहेर बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं, पण थांबण्याचा सगळा अर्थ या मिनिटांत आहे. पुढच्या इंजेक्शनाच्या वेळी ते जनावर आपल्याला ओळखण्यापलीकडे गेलेलं असतं. या मिनिटांत ते अजून इथे असतं.

गोटीच्या डाव्या कानामागे एक जागा होती. तिथे खाजवलं की तिचा मागचा पाय आपोआप हलायचा, पिल्लू असल्यापासून. मी तिथेच खाजवत बसले. पाय हलला. मग अर्धवट हलला. मग नुसतं नख गोधडीवर घासलं गेल्यासारखं झालं, आणि मग काही नाही. जीभ थोडी बाहेर आली. सासूबाईंनी करंगळी बुडवून तिच्या ओठाच्या कडेला गंगाजल लावलं आणि "पांडुरंगा" म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुढच्या पायावरचे केस काढले, शिरेत सुई बसवली, चिकटपट्टी लावली. मग बाटलीतल्या फिकट पिवळ्या पुडीत पाणी सोडून ती हलवली. थायोपेंटोन. माणसांच्या ऑपरेशनातही हे औषध भूल द्यायला वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे. इथे मात्रा कितीतरी जास्त असते. आधी मेंदू झोपतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. हा क्रम असा आहे म्हणूनच श्वास थांबल्याचं त्या जिवाला कळत नाही. ते औषध आत गेलं आणि मिनिटभरात सगळं संपलं. डॉक्टर बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिले. "गेली," म्हणाले. डोळे उघडेच होते. ते उघडेच राहतात.

मी आत होते म्हणून मला हे ठामपणे सांगता येतं की ते भयंकर नव्हतं. दुःख होतं, पुष्कळ होतं, आजही आहे. पण ज्या भीतीने लोक बाहेर जातात, तसं काही त्या खोलीत घडलं नाही. बाहेर बसणाऱ्याच्या डोळ्यांना ते दृश्य टळतं खरं. पण आत काय झालं असेल, हे मग त्याला पुढे वर्षानुवर्षं स्वतःच रचत बसावं लागतं. आणि माणूस असं काही रचायला लागला की ते खऱ्यापेक्षा नेहमी वाईटच रचतो.

सासूबाईंनी घेतलेला आक्षेप 1928 मध्ये साबरमतीच्या आश्रमातही घेतला गेला होता. आश्रमातलं एक वासरू जायबंदी होऊन पडलं होतं. उपचार झाले, सर्जनने आशा सोडली. कूस बदलतानाही त्याला असह्य वेदना होत होत्या. गांधीजींनी आश्रमातल्यांशी विचारविनिमय केला. एका शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला, की जो जीव निर्माण करता येत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेवटी गांधीजींनी डॉक्टर बोलावले आणि विषाचं इंजेक्शन देववलं. त्यावर त्यांनी स्वतःच 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त लिहिलं आणि संतापाच्या पत्रांचा पाऊस ओढवून घेतला. अहिंसेचा पुजारी वासरू मारतो म्हणजे काय, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली, त्यांनी उत्तरंही दिली. आपल्यावर अशी वेळ आली तर आपल्यालाही हाच न्याय लावावा, इथपर्यंत ते गेले.

या प्रकरणाची चर्चा नेहमी हिंसा-अहिंसेवर होते. मला त्यातली एक लहान गोष्ट मोठी वाटते. आपल्या लेखात गांधीजी जाता जाता सांगतात की इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या उपस्थितीत देववलं, आणि दोन मिनिटांच्या आत सगळं झालं. सांगून दुसऱ्या खोलीत बसणं त्यांना सहज शक्य होतं. डॉक्टर होते, आश्रमवासी होते, कामांचा डोंगर होता. ते तिथे उभे राहिले. निर्णय ज्याचा, त्याने जवळ असावं. हे त्यांना वेगळं सांगावंसंही वाटलं नसेल, इतकं ते त्यांच्या विचारात मुरलेलं होतं. सासूबाईंनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. निर्णय त्यांचा नव्हता, उलट त्यांना अमान्य होता, तरी त्या जवळ बसल्या. म्हणून इंजेक्शन द्यावं की नाही हा वाद आणि जवळ थांबावं की नाही हा प्रश्न यांची मी गल्लत करत नाही. पहिल्याबद्दल घरात दोन मतं असू शकतात.

आपल्या हातात किती मोठा अधिकार दिलेला आहे, याचा विचार एकदा करून पाहावा. माणसाच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार जपून पावलं टाकली. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये, आणि पुन्हा 2018 मध्ये, उपचार काढून घ्यायला कडक अटींवर परवानगी मिळाली. इंजेक्शन देऊन मरण द्यायला नाहीच. पाळीव जनावराच्या बाबतीत एक छापील संमतिपत्र असतं आणि त्याखाली आपली सही. तेवढी पुरते. अशी सही करून पेन खाली ठेवायचं आणि दाराबाहेर जायचं, हे मला मान्य होत नाही. ती सही म्हणजे मी शेवटपर्यंत आहे, असं लिहून देणंच असायला हवं. डॉक्टरांवरही आपण अन्याय करतो. निर्णय आपला, हात त्यांचा, आणि त्या जिवाची ती दाराकडे वळलेली मान त्यांनी एकट्याने बघायची. दिवसभरात पुढचे पेशंट रांगेत उभे असतात, आणि घरी गेल्यावर हे कुणाला सांगायची सोय नसते.

ज्यांना मालकच नाही त्यांचं काय? भटक्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारने 2001 मध्ये जे नियम केले, त्यांत बऱ्या न होणाऱ्या किंवा मरणासन्न जखमी कुत्र्याला वेदनारहित मरण देण्याची तरतूद होती, आणि सोबत एक वाक्य होतं की एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर मारू नये. ज्याने कुणी ते घातलं त्याला जनावर कळत होतं. जवळ कोण असावं, हे मात्र कुठल्या नियमात लिहिता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी स्वतःपुरता नियम केलेला आहे.

एकदा आम्ही बसलेलो असताना तीन-चार पोरं पोत्यावर घालून एक कुत्रं घेऊन आली. पोवई नाक्याजवळ टेम्पोखाली सापडलेलं. कणा मोडला होता, मागचं अर्धं अंग निर्जीव. डॉक्टरांनी वेदना थांबवण्याचं औषध दिलं, तपासलं, मान हलवली. मग पोरांना विचारलं, "याला खायला कोण घालतं?"

"चहाच्या गाड्यावरचे मामा."

"त्यांना घेऊन या."

मामा आले. हाताला आल्याचा वास, खांद्यावर फडकं. दारातच उभे राहिले. "मी काय मालक नाही डॉक्टर. पाव टाकतो सकाळचा, तेवढंच."

"तेवढं पुष्कळ आहे मामा. या, इथं बसा."

मामा उकिडवे बसले आणि त्यांनी हाक मारली, "काय रे पोरा." शेपटीत जीव नव्हता. पण कान मागे पडले, मान उचलायचा प्रयत्न झाला, आणि मघापासून चाललेली ती थरथर कमी झाली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. मामांनी तळहात त्याच्या नाकापाशी धरला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

सगळ्यांना जमतं असं नाही, हे मला मान्य आहे, आणि ज्यांना जमलं नाही त्यांना दोषी ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. काही माणसं खरोखर कोसळतात. हंबरडा फोडणारा, जनावराला घट्ट आवळून धरणारा माणूस जवळ असला तर जनावर आणखी बिथरतं, शीर सापडत नाही, आणि जे दोन मिनिटांत व्हायचं ते लांबतं. अशा वेळी डॉक्टरांनी बाहेर थांबा म्हटलं तर ऐकावं. पण मग घरातलं दुसरं कुणीतरी आत जावं. रोज फिरायला नेणारा दादा, खायला घालणारी आजी, शेजारची काकू, ज्याचा वास त्या जिवाला ओळखीचा आहे असं कुणीही. आणि कुणीच नसेल, तर निदान पहिलं भुलीचं इंजेक्शन चढेपर्यंत तरी थांबावं. डोळ्यांत ओळख आहे तोवर. त्यानंतर बाहेर गेलात तर त्याला ते कळणार नाही. रडू आलं तर येऊ द्यावं. आपलं रडणं त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं, त्यामुळे ते बिचकत नाही. मुलांना विचारावं, बळजबरी करू नये, आणि जनावराला शेतावर पाठवलं असं त्यांना सांगू नये. मुलं ते शेत शोधत राहतात.

काही गोष्टी आधी उरकून ठेवाव्यात. बिलाचे पैसे आधी देऊन टाकावेत, म्हणजे नंतर डोळे पुसत काउंटरवर सुट्टे शोधावे लागत नाहीत. त्याचं रोजचं अंथरूण न्यावं, धुतलेलं नको, तसंच. घरी येऊन इंजेक्शन देणार का, असं डॉक्टरांना विचारून पाहावं, काही जण येतात. आधी भूल द्याल ना, हे विचारून घ्यावं, आणि तशी आधी भूल देणारे डॉक्टर शोधावेत. डोळे मिटत नाहीत, गेल्यावरही अंगाला एखादा झटका येतो, श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी होते, हे आधी माहीत असावं. ते शरीराचं असतं, त्याचं नसतं. नंतरची सोयही ठरवून ठेवावी. आपली जागा असेल तर खड्डा आधी काढून घ्यावा. मुंबईत मालाडला महापालिकेने 2023 मध्ये प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली, तशी काही सोय आपल्या गावात आहे का, याची चौकशी शांत डोक्याने केलेली बरी. आणि अगदी शेवटच्या घटकेपर्यंत ताणू नये. रात्री दोन वाजता, धापा टाकणारं जनावर घेऊन, अनोळखी दवाखान्यात, अनोळखी डॉक्टरांसमोर पोचलं की थांबायची इच्छा असूनही थांबण्यासारखं काही उरत नाही. एखादा दिवस आधी गेलेलं चालतं.

तुमच्या घरात म्हातारं होत आलेलं कुत्रं किंवा मांजर असेल, तर डॉक्टरांच्या प्रश्नाची वाट पाहू नका. पुढच्या वेळी लस द्यायला किंवा तपासणीला जाल तेव्हाच सांगून ठेवा, की ती वेळ आली तर मी आत थांबणार आहे. त्याच्या फाइलवर तसं लिहून घ्यायला सांगा. आणि घरातल्या कुणाला ते जमणार नाही असं आत्ताच दिसत असेल, तर कोण थांबणार हे आजच ठरवा.